चंपाबाईंना द्यायचा निरोप

चंपाबाई गणवीर यांचा मला गेली तीन वर्षं हेवा वाटत आला आहे. तेव्हा त्यांच्याविषयी मी इथे जे लिहिते आहे, ते वाचणाऱ्याने जरा पारखूनच घ्यावं. जिथे मी त्यांना फार चांगलं म्हटलं असेल तिथे मला लाज वाटलेली असेल, आणि जिथे कमी लेखलं असेल तिथे राग आलेला असेल. मधलं जे उरेल ते खरं समजावं.

त्या कोहक्याला राहतात, भिलाईतल्या आमच्या स्मृति नगरपासून पायी पंधरा मिनिटांवर. वय त्रेसष्ट. ठेंगण्या, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. साडीवर नेहमी पुरुषी खाकी शर्ट, कारण शर्टाला खिसे असतात. एका खिशात मीटर, दुसऱ्यात मुठीपासून टोकापर्यंत काळी टेप गुंडाळलेला पाना. काम विचाराल तर जिथे विजेची लाइन पोचलेली नाही, किंवा पोचूनही महिन्यातले पंधरा दिवस मेलेली असते, अशा ठिकाणी छोटे सौर संच बसवणं. अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, जंगलखात्याचा नाका, डोंगरातली चार घरं. दल्ली-राजहराच्या पुढे, मानपूरच्या बाजूला त्यांनी बसवलेले दिवे पाच-पाच वर्षं चालू आहेत असं माझी मुलगी सांगते. मुलगी त्यांच्याविषयी बरंच काही सांगते.

चंपाबाई मूळच्या अर्जुनी-मोरगावकडच्या. लग्न होऊन भिलाईला आल्या. नवरा लहानू तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा कामगार, होता. काविळीने गेला तेव्हा चंपाबाई एकोणतीस वर्षांच्या, दहावी पास, आणि मुलगा प्रफुल चार वर्षांचा. नवऱ्याच्या जागी त्यांना हेल्पर म्हणून घेतलं आणि एका सबस्टेशनच्या बॅटरी रूममध्ये पाठवलं. वीज गेली तरी मोठे स्विच चालले पाहिजेत, म्हणून तिथे शेकडो सेल ओळीने मांडलेले असतात. त्यांना डिस्टिल्ड पाणी घालायचं, आतल्या ॲसिडचा दाटपणा मोजून रजिस्टरमध्ये लिहायचा, टोकं पुसायची. मोठ्या मशीनवर कुणी घेत नसेल त्याला तिथे टाकत. बाईमाणसाला बसून राहायला बरी जागा, असा त्यामागे विचार होता. चंपाबाई तिथे सत्तावीस वर्षं होत्या, पण बसून राहिल्या नाहीत. कोणता सेल का थकतो, कोणता का तापतो, ते त्या नुसतं पाहून सांगायला लागल्या. इंजिनीयर लोक गुपचूप येऊन विचारून जात. माझे यजमान विजयकुमार त्यातलेच एक.

मुदतीआधीच रिटायर झाल्यावर त्या कुण्या नातलगाच्या लग्नाला मानपूरकडे गेल्या होत्या. तिथल्या अंगणवाडीवर पॅनेल होतं, बॅटरी होती आणि उजेड नव्हता. बसवणारे बसवून निघून गेले होते, बॅटरीत पाणी घालायचं असतं हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. चंपाबाई लग्नाचं जेवण सोडून त्या बॅटरीपाशी जाऊन बसल्या. तिथून हे काम सुरू झालं.

त्यांची रीत अशी की एखाद्या घरी गेल्यावर त्या आधी पॅनेलविषयी बोलतच नाहीत. घरातल्या बाईजवळ बसतात आणि विचारतात, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत तुम्ही काय काय करता? कोणता दिवा किती वेळ? पोरगं अभ्यास करतं का, म्हातारं रातचं उठतं का? ते सगळे तास मांडून मग त्यावर बॅटरी ठरते. त्यातही दोन दिवस ऊन पडणार नाही असं धरून चालायचं, आणि बॅटरी अर्ध्याच्या खाली कधी उतरू द्यायची नाही. पॅनेलचा हिशेब सगळ्यात शेवटी. एका सरपंचाने कूलरसाठी हट्ट धरला तेव्हा म्हणाल्या होत्या, "कूलर सासऱ्याले मांगा, सूर्याले नका मांगू." बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज असलाच पाहिजे. बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवायची नाही. कामाला हात लावण्याआधी अंगठी, बांगडी, गळ्यातलं सगळं काढायचं, कारण बॅटरीच्या दोन टोकांवर धातू पडला तर तो हातातच लाल होतो. आणि आपण केलेलं काम आपण चालू करायचं नाही. आधी दुसऱ्याने पाहायचं. "आपली चूक आपल्या डोऱ्याले दिसत नाई," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मला ठाऊक आहे ते माझ्या मुलीमुळे. उत्कर्षाने इथेच इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. शेवटच्या वर्षाला बॅटरीवर प्रोजेक्ट होता. विजयकुमार म्हणाले, बॅटरी शिकायची तर पुस्तक ठेव, गणवीरबाईंकडे जा. म्हणजे सुरुवात घरातूनच झाली, हे मी त्यांना अजून ऐकवते. उत्कर्षा कोहक्याला आठ दिवसांसाठी गेली ती तिथलीच झाली. पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं होतं, त्याला तिने नाही कळवलं. माझा थोरला अभिनव बेंगळुरूला असतो, आठवड्याला त्याचा एक फोन येतो. मला वाटलं होतं, ही तरी जवळ आहे. जवळच आहे म्हणा, पंधरा मिनिटांवर.

ती त्यांना मावशी म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. माझी बहीण नागपूरला आहे, तिचा वाढदिवस हिला आठवत नाही. चंपाबाईंना मात्र चहात साखर किती, गुडघा कोणता दुखतो, सगळं पाठ. जेवताना आमच्या घरी चंपाबाईच वाढल्या जात. मावशी म्हणते एसी करंट सेकंदाला शंभर वेळा दम घेतो, डीसी दमच घेत नाही, म्हणून साध्या घराच्या स्विचने डीसी तुटत नाही, मधल्या फटीत ठिणगी जळतच राहते. मावशी म्हणते एसी भांडखोर सासू आहे, डीसी मुकी आहे, मुकीला भ्यायचं. विजयकुमार हसत. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स मलाही होतं, पण मी काही सांगू लागले की उत्कर्षा मोबाइल पाहायची.

तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, भाजी आमच्या घरी कधी शिजली नाही. सासूबाईंना ती हलकी, गरिबाघरची वाटायची, मीही तेच धरून चालले. उत्कर्षा ती कोहक्याहून डब्यात आणायची आणि माझ्या पोळीबरोबर खायची. एकदा मी चोरून चव घेतली. चांगली होती. त्याचाही मला राग आला.

काळजीचं तर विचारूच नका. ती मानपूरला गेली की तिथे रेंज नसते. मी दिवसातून दहादा फोन लावायची आणि तीच तीच बाई सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. छपरावर चढली असेल का, पाय घसरला असेल का, रस्त्यात ट्रक असतील. परत आल्यावर ती आधी कोहक्याला उतरून सामान ठेवायची, तिथे चहा प्यायची आणि मग घरी यायची. म्हणजे ती सुखरूप आहे हे चंपाबाईंना माझ्याआधी तासभर कळत असे.

पण खरा काटा रुतला तो मागच्या पावसाळ्याच्या शेवटी. नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरचे ओळखीचे. उत्कर्षा विचार करून सांगते म्हणाली होती आणि मी महिनाभर वाट पाहत होते. एक दिवस चंपाबाई तिची राहिलेली छत्री द्यायला आल्या. व्हरांड्यात बसल्या. त्या नेहमी व्हरांड्यातच बसत, मी त्यांना कधी आत बोलावलं नव्हतं. कुणी कारण विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. चहा पिता पिता त्या सहज म्हणाल्या, "पोरीनं नाई म्हटलं त्या नागपूरवाल्याले, बरं केलं मॅडम. तिचं मनच नोयतं."

मी "हो ना" म्हटलं. मला माहीतच होतं असं दाखवलं. चंपाबाईंच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी कप स्वतः नळाखाली धुऊन ठेवला आणि गेल्या.

त्यानंतर मी जागेचा विषय काढला. विजयकुमारांनी रिटायर होताना धमधा रोडला थोडी जमीन घेतली आहे. दोन खोल्या बांधल्यात, आंब्याची कलमं लावलीत, पण लाइन तिथून लांब आहे. मी म्हटलं, मुलगी गावोगाव दिवे लावत फिरते आणि बापाच्या जागेवर अंधार. उत्कर्षा खूश झाली. पण मी एक अट घातली. घरचं काम आहे, ते घरच्याच माणसांनी करायचं, बाहेरचं कुणी नको. बाहेरचं म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही.

तिने आराखडा केला, अगदी चंपाबाईंच्या रीतीने. मला खुर्चीवर बसवून विचारलं, आई, तू तिथे संध्याकाळी काय काय करशील? त्या वेळी मला इतकं बरं वाटलं की मी उगीचच जास्तीची कामं सांगितली. दिवे, एक पंखा, झाडांना पाणी द्यायला छोटा पंप. पंपामुळे पॅनेलं चार लागली आणि ती एकापुढे एक जोडायची म्हणून व्होल्टेज चढं राहणार होतं. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये डीसीचाच ब्रेकर हवा, असं तिने यादीत दोन रेघा ओढून लिहिलं.

बरंचसं काम तिने दोन रविवारांत केलं. तेवढ्यात मानपूरकडच्या एका उपकेंद्राचा संच बिघडला आणि तिला आठवडाभर तिकडे जावं लागलं. चंपाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे त्या कोहक्यालाच होत्या. ब्रेकर तेवढा यायचा होता, तो बसवायचं विजयकुमारांनी आपल्याकडे घेतलं.

गुरुवारी तिचा फोन आला. कुठल्याशा टेकडीवर चढून तिने रेंज पकडली होती. आवाज तुटत होता. म्हणाली, आई, शनिवारी येतेय, रविवारी चालू करू. पण मावशीला निरोप दे, दहा वाजता जागेवर या म्हणावं, तिने पाहिल्याशिवाय चालू करायचं नाही. मावशीचा फोन लागत नाहीये, तू जाऊन सांगशील ना? मी हो म्हटलं. लाइन तुटली.

मी गेले नाही. चप्पल घालून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. माझ्या घरच्या जागेवर, माझ्या मुलीने केलेल्या कामावर, शेवटचा हात त्यांचा फिरणार आणि मग सगळे त्यांच्याकडे पाहणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. शुक्रवारही गेला.

शनिवारी उत्कर्षा आली. या वेळी आधी घरी आली, कारण गाडी आमच्या बाजूनेच येणार होती. चहा घेताना तिने विचारलं, मावशी येतेय ना उद्या?

मी म्हटलं, "नाही म्हणाल्या. म्हणाल्या, घरचं काम हाय, तुयं तू पाहून घे."

खोटं बोलायलासुद्धा मी चंपाबाईंचाच आवाज घेतला. म्हणूनच ते खरं वाटलं. उत्कर्षाने कप खाली ठेवला. "लेकिन मावशीच तर म्हणते ना, दुसऱ्याचे डोळे पाहिजेत," ती म्हणाली. मी म्हटलं, बाबा आहेत की, चौतीस वर्षं प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलच पाहिलं त्यांनी. तिने मोबाइल उचलला आणि परत ठेवला. तिला लागलं होतं. ती मानी आहे, माझ्यावर गेली आहे. नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारायला ती जात नाही. मला हे ठाऊक होतं.

रविवारी आम्ही तिघं जागेवर गेलो. सकाळपासून कडक ऊन होतं. विजयकुमारांनी ब्रेकरची पेटी भिंतीला बसवून, झाकण लावून, स्क्रूसुद्धा आवळून ठेवले होते. उत्कर्षाने पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, बाबा, उघडून पाहू? ते म्हणाले, "अगं, मी बसवलंय." ती हसली आणि पुढे गेली. बाकी सगळं तिने नीट पाहिलं, मीटर लावून दोन्ही टोकं तपासली. फक्त बापाने लावलेलं झाकण उघडलं नाही.

दहा वाजता दिवे लागले. पंखा फिरला. पंपाचं पाणी कलमांच्या आळ्यात पडलं आणि विजयकुमारांनी टाळ्या वाजवल्या. मी पिठलं-भात नेला होता. आम्ही पंख्याखाली बसून जेवलो आणि त्या दोन तासांत कुणी चंपाबाईंचं नाव काढलं नाही. असं जेवण आमच्या घरी तीन वर्षांत झालं नव्हतं.

दीडच्या सुमारास पंपाच्या नळीला गळती लागली. विजयकुमार म्हणाले, शटडाऊन घेतो. प्लांटच्या माणसाची ही जन्माची सवय. स्विच पाडला की लाइन मेली, मग खुशाल हात घाला. त्यांनी झाकणाच्या खाचेतून बाहेर आलेला खटका खाली ओढला. आतून आधी भाजल्यासारखा आवाज आला, मग झाकणाच्या फटीतून धूर आणि जळक्या प्लास्टिकचा वास. ते म्हणाले, काही नाही, बंद केलंय, लाइन डेड आहे. आणि त्यांनी पेचकस घेऊन झाकणाला हात घातला.

"बाबा, हात काढा." उत्कर्षाने त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं आणि त्याच वेळी झाकण वितळून सुटलं. ते तिच्या उजव्या तळव्यावर आलं. तिने हात झटकला, जमिनीवरची सतरंजी ओढली आणि जिना चढून गच्चीवर पळाली. मी मागे धावले. तिने सतरंजी पॅनेलांवर टाकली, मला ओरडून खालची चटई आणायला लावली आणि आम्ही दोघींनी मिळून चारही पॅनेलं झाकली. खाली आवाज थांबला. सूर्याला शटडाऊन घेता येत नाही, तो असा झाकावा लागतो, हे मला तेव्हा समजलं. तिचा तळवा पाहिला तर कातडी पांढरी पडली होती.

ब्रेकर साधा, घरातल्या एसीचा होता. हुडको वसाहतीतल्या दुकानात डीसीचा संपला होता, आणि विजयकुमारांकडे त्याच अँपिअरचा चांगल्या कंपनीचा घरी पडून होता. त्यांना वाटलं, सोळा म्हणजे सोळा. दवाखान्यात बसलेले असताना ते हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण बोटं पूर्ण वळायला वेळ लागेल.  चंपाबाईंनी ते झाकण उघडलं असतं आणि आतली बारीक अक्षरं उत्कर्षाला वाचायला लावली असती. साहेबांनी लावलंय म्हणून त्या थांबल्या नसत्या. हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी उत्कर्षा कामावर गेली नाही, म्हणून दुपारी चंपाबाई आल्या. डोळ्यावर हिरवा चष्मा, अंगावर तोच शर्ट. व्हरांड्यात थांबल्या. उत्कर्षा आतून म्हणाली, मावशी, आत या. त्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी बाजूला झाले आणि त्या पहिल्यांदा आमच्या बैठकीत आल्या.

त्यांनी तिचा हात मांडीवर घेऊन पट्टी पाहिली, बोटं एकेक हलवायला लावली. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मग उत्कर्षाने विचारलं, "मावशी, तुम्ही आल्या का नाही? मैंने बुलाया था. तुझं तू पाहून घे म्हणालात."

 चंपाबाईंनी हिरव्या चष्म्यातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक धरून उभी होते.

"हो वं पोरी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तू करून घेशीन. मायी चूक झाली."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं ते असं: आता हेही यांनीच घेतलं. माझ्या मुलीसमोर माझी लाज राखण्याचं कामसुद्धा यांच्याकडेच गेलं.

मग त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. प्लांटमध्ये अपघात होता होता टळला, तरी त्याची नोंद करतात, नियर मिस म्हणतात त्याला. चंपाबाईंनी ती सवय सोडलेली नाही. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले: काय झालं, कावून, उपाय. प्लांटच्या कागदावर दुसऱ्या रकान्याला कारण म्हणत असतील, यांनी आपल्या बोलीतलं कावून लिहिलं होतं. मी पानं चाळली. एके ठिकाणी होतं: फ्यूज उडाला. कावून, नट ढिला. कावून, मोठा पाना नेला नाई. कावून, घाई. कावून, शेवटची बस. आणि उपाय: मुक्काम करावा.

"कावून एकदा विचारून भागत नाई मॅडम," त्या म्हणाल्या. "बूड लागेपर्यंत विचारा लागते. अन् उपायात काळजी घेऊ असं नाई लिवायचं. काळजी तं सगळेच घेतात. जे हातानं करता येते तेच लिवायचं."

उत्कर्षाचा उजवा हात बांधलेला. चंपाबाईंना डोळ्यामुळे बारीक दिसत नव्हतं. त्यांनी पेन माझ्याकडे केलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा, म्हणाल्या.

मी सोफ्याच्या कडेवर बसून लिहायला लागले. काय झालं ते लिहिलं. कावून, एसीचा ब्रेकर डीसीवर लावला. कावून, झाकण उघडून पाहिलं नाही. कावून? विजयकुमारच म्हणाले, "लिही, बाबांना वाटलं त्यांना सगळं येतं." सगळे हसले, मीसुद्धा. कावून, दुसऱ्या माणसाची तपासणी झाली नाही.

"कावून," चंपाबाई सांगू लागल्या, "चंपा गणवीर तपासाले आली नाई."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. हे पान त्या पुढे वर्षानुवर्षं शिकायला येणाऱ्यांना वाचून दाखवणार. त्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं असणार की चंपाबाई आल्या नाहीत. लिहून टाकलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. चंपाबाई बोलल्या नसत्या, आज नाही आणि कधीच नाही, एवढी मला खात्री होती. माझी मुलगी माझीच राहिली असती, आणि त्यांच्यावर थोडी रुसलेली. मला तीन वर्षं हेच हवं होतं. मी उत्कर्षाच्या पट्टीकडे पाहिलं आणि लिहिलं: चंपाबाईंना निरोप दिला नाही.

उत्कर्षाने वाकून वाचलं. पुन्हा वाचलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. तिने अगदी चंपाबाईंच्या सुरात, अगदी शांतपणे विचारलं, "कावून?"

"हेवा वाटला म्हणून," मी म्हटलं.

"लिही मग."

मी लिहिलं. हेवा. मोठ्या अक्षरात, शाईत नीट दिसेल असं. विजयकुमार उठून खिडकीपाशी गेले. चंपाबाई मान खाली घालून स्वतःच्या हाताचे तळवे पाहत बसल्या होत्या. उपायाचा रकाना रिकामा होता.  मला उपाय सुचत नव्हता. तुम्ही सांगा, असं मी चंपाबाईंना म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"माया हातात नाई तो, ताई," त्या म्हणाल्या. मॅडम नाही म्हणाल्या.

उत्कर्षाने माझ्या हातातून पेन घेतलं. वही स्वतःकडे ओढली आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी अक्षरं काढत, बराच वेळ लिहीत राहिली. मग वही माझ्याकडे फिरवली.

निरोप थेट द्यावा. आईमार्फत देऊ नये.

मी ते चंपाबाईंना वाचून दाखवलं, कारण त्यांना दिसत नव्हतं.  त्यांनी एकदा उत्कर्षाकडे पाहिलं, जणू हे जरा कमी कर म्हणणार होत्या. मग म्हणाल्या नाहीत. "करता येन्यासारखा हाय," एवढंच बोलून त्यांनी वही मिटली.

जागेवर आता डीसीचा ब्रेकर आहे. तो चंपाबाईंनी झाकण उघडून, आत बोट घालून पाहिला आणि मगच चालू करू दिला. उत्कर्षाची बोटं जवळजवळ पूर्ण वळतात. ती मानपूरला जाते, आणि येताना आधी कोहक्याला उतरते. चंपाबाई आल्या की आत बसतात आणि तिवऱ्याची भाजी कशी करायची ते मला सांगतात. मी शिकून घेते, आणि मला त्यांचा हेवा वाटतोच.

चार महिने झाले. उपाय पाळला जातो आहे.